बाटलीबाईंचा लेखी खुलासा

संस्थेत प्रत्येक खुर्चीच्या पायावर क्रमांक रंगवलेला होता, प्रत्येक हरवलेल्या किल्लीची फाइल होती, आणि प्रत्येक शास्त्रज्ञाच्या दारावर पितळी पाटीत मावतील तितक्या पदव्या कोरलेल्या होत्या. बाटलीबाईंच्या दारावर काहीच नव्हतं, कारण त्यांना दारच नव्हतं. तळमजल्यावर जिना संपतो तिथे एक कमान, कमानीपलीकडे दोन खोल सिंक, एक खिडकी आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले अकरा मापांचे ब्रश, एवढं त्यांचं राज्य. एकतीस वर्षं त्यांनी तिथे प्रयोगशाळेची काचेची भांडी धुतली. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर त्यांना बाटलीबाई म्हणत, विद्यार्थी मावशी म्हणत. खरं नाव काय ते हजेरीपटाला ठाऊक होतं, पण हजेरीपट काही कुणाला हाक मारत नाही.

भांडी धुण्यात काय मोठंसं, असं म्हणणाऱ्यांनी ती सहसा धुतलेली नसतात. बाटलीबाईंची रीत ठरलेली होती. रात्रभर भिजवणं, मग ब्रश, मग नळाखाली सात वेळा आणि ऊर्ध्वपातित पाण्यानं तीन वेळा. ऊर्ध्वपातित म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं, कसलेही क्षार नसलेलं पाणी. शेवटी भांडं खिडकीकडे धरून त्या बघत. काच स्वच्छ असेल तर पाणी तिच्यावरून एकसंध पडद्यासारखं उतरतं. एवढासा साबण किंवा तेलकटपणा राहिला असेल तर पडदा फाटतो आणि थेंब अडून बसतात. थेंब दिसला की भांडं पुन्हा पहिल्या सिंकमध्ये. एकदा एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मावशी, एका थेंबानं काय होणारे?" तर बाईंनी त्याच्या पदवीच्या वर्षाची चौकशी केली आणि म्हणाल्या, "अजून वेळ आहे. शिकशील."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी संस्थेत बारा वर्षं कुणालाच माहीत नव्हती.

पाणी ऊर्ध्वपातित करणारं जुनं यंत्र बाईंच्याच खोलीत होतं. बारा वर्षांपूर्वी त्याची तार जळली. बाईंनी दुरुस्तीचा अर्ज दिला. तो परत आला, कारण सही निळ्या शाईत होती. काळ्या शाईत दिला, तर तीन प्रती हव्या होत्या. तीन प्रती दिल्या, तेव्हा त्या अर्जाचा नमुनाच बदलला होता. इकडे सर जिन्यावरून ओरडत होते, "बाटलीबाई, पाणी कुठाय? विज्ञान थांबलंय!" विज्ञान त्याआधी दोन वर्षं थांबलेलंच होतं, पण ते सांगण्याची सोय नव्हती. वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडे बाईंनी हात पसरले. तिथल्यांनी तोंड वाकडं करत दिवसाला दोन बाटल्या चांगलं पाणी द्यायचं कबूल केलं. त्या दोन बाटल्यांत एक तर काच विसळता आली असती, नाहीतर सरांचा वीस लिटरचा कॅन दहा दिवसांनी भरला असता. बाईंनी विचार केला. काचेवर नळाच्या पाण्याचे पांढरे डाग दिसतात. सरांच्या द्रावणात काहीच दिसत नाही. तेव्हा चांगलं पाणी काचेला गेलं, आणि सरांच्या कॅनमध्ये गाळणकागदातून गाळलेलं नळाचं.

"आजच्यापुरतं," बाई स्वतःशी म्हणाल्या.

आणि त्याच संध्याकाळी, दोन वर्षं हटून बसलेला सरांचा प्रयोग यशस्वी झाला. सर जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आले, त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, बाईंनासुद्धा. अशा वेळी "सर, ते पाणी नळाचं होतं हं," असं सांगणारा माणूस विरळा. बाई त्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाल्या, तर दुसऱ्या दिवशी सर भाषणाला गेले. अर्जाचं उत्तर यायचं होतंच. ते आजही यायचं आहे.

पुढची बारा वर्षं सरांना बरी गेली. पितळी पाटी दोनदा बदलावी लागली. मग संस्थेनं सरांच्या कीर्तीला शोभेल असं अतिशुद्ध पाण्याचं नवं यंत्र आणलं. त्याला फीत बांधली, फीत कापली, यंत्रावरचा आकडा बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आकड्याचा अर्थ फक्त बसवायला आलेल्या माणसाला ठाऊक होता आणि तो टाळ्या वाजवत नव्हता. बाईंचा कॅन अडगळीत गेला. बाईंना सुटल्यासारखं झालं. बारा वर्षांचं पाप एकदाचं धुतलं गेलं, असं त्यांना वाटलं.

पुढच्याच आठवड्यापासून सरांचा प्रयोग बंद पडला.

एकदा नाही, दोनदा नाही, अकरा वेळा. नळीत जो लाल रंग चिकटून राहायला हवा, तो पाण्याबरोबर सरळ वाहून जाई. आणि तीन आठवड्यांत बाहेरून मोठी समिती सरांचं काम बघायला येणार होती. सरांनी खूप विचार केला. प्रथिन तेच, नळ्या त्याच, विद्यार्थी तेच, स्वतः सर तर सरच. पाणी जगात शुद्ध. मग उरलं कोण?

बाटलीबाईंच्या हातात कागद पडला. "आपण धुतलेल्या काचेच्या भांड्यांवर साबणाचा अंश राहिल्यामुळे महत्त्वाच्या प्रयोगाचे नुकसान झाल्याचे सकृद्दर्शनी दिसते. हलगर्जीपणाबद्दल आपणांस सेवेतून कमी का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा."

सेवेतून कमी होणं बाईंनी पचवलं असतं. निवृत्तीला तसंही एकच वर्ष होतं. पण 'साबणाचा अंश' हे दोन शब्द त्यांच्या घशाखाली उतरेनात. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक थेंब अडलेलं भांडं वर गेलं नव्हतं. आता त्या गेल्यावर फाइलमध्ये राहणार काय, तर साबण.

त्या दुपारी 'पाचवी' खाली आली. पाचवी म्हणजे सरांची विद्यार्थिनी. तिचा प्रबंध पाचव्या वर्षात पूर्ण होणार असं सर म्हणत, आणि हे पाचवं वर्ष तिचं सलग तिसऱ्यांदा चालू होतं. तिशी ओलांडलेली, चष्म्याची दांडी चिकटपट्टीनं जोडलेली. तिनं हातातला चहा ओट्यावर ठेवला आणि स्टूल ओढून बसली.

"मावशी, मला नाही वाटत हो साबण असेल."

"वाटत नाही म्हणजे? नाहीच आहे!" बाई ब्रश न थांबवता म्हणाल्या. "मला आधी हे सांग, त्या नळीत तुम्ही करता तरी काय? एकतीस वर्षं धुतेय, कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तुमच्या सरांना विचारलं होतं एकदा. ते म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं. मी म्हटलं, बरं."

पाचवी हसली. "ऐका मग. रक्तात आणि कातडीखाली पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्यांना ना डोळे ना कान. समोर आलेलं आपलं की परकं, हे चाचपूनच कळायचं. आता प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात, लव असते तशा."

"साखर?"

"चहातली नाही, तिच्या चुलत बहिणी. आपल्या पेशींच्या साखळ्यांची टोकं वेगळ्या साखरेनं झाकलेली असतात. बुरशी, यीस्ट यांच्या अंगावर मॅनोज नावाची साखर उघडीच. पहारेकरी पेशीच्या अंगावर लेक्टिन नावाची प्रथिनं असतात. ते तिचे हात म्हणा. हाताला मॅनोज लागली की धरलं, गिळलं, तुकडे केले, आणि ते तुकडे बाकीच्या पेशींना नेऊन दाखवले. बघा, असला चोर शिरलाय."

"म्हणजे फेसात हात घालून कुठल्या भांड्याची कड फुटलीय ते ओळखायचं, तसं."

"अगदी तसं, मावशी."

"आणि एवढ्याशा हातानं यीस्ट धरवतं?"

"एका हाताची पकड ढिलीच असते, लगेच सुटते. पण हात पुष्कळ, साखळ्याही पुष्कळ. एकदम वीस ठिकाणी धरलं की जाणार कुठे? आम्ही ते हातच नळीत बसवलेत, आणि मॅनोजला लाल रंग लावून वरून ओततो. हातांनी धरली तर नळी लाल."

"मग आता का धरत नाहीत?"

"तेच कळत नाही ना. खरं तर या जातीच्या लेक्टिनला साखर धरायला मधे कॅल्शियम लागतं. लेक्टिनच्या खाचेत कॅल्शियमचा कण बसतो आणि साखर त्या कणाला येऊन बिलगते. कण नाही तर पकड नाही. फक्त सरांच्या लेक्टिनला कॅल्शियम लागत नाही. तोच तर सरांचा शोध! आम्ही द्रावणात ते घालतच नाही, तरी बारा वर्षं धरत होतं."

"कधी तपासलं नाही? लागत नाही म्हणून?"

पाचवीनं जिन्याकडे पाहून आवाज खाली आणला. "कॅल्शियम ओढून घेणारं औषध असतं, ते टाकून बघायचं असतं. मी पहिल्याच वर्षी म्हटलं होतं. सर म्हणाले, जे घातलंच नाही ते काढायचं कशाला?"

"बरोबरच आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. "आणि हे कॅल्शियम म्हणजे काय असतं गं?"

"चुन्यात असतं. दुधात, हाडांत. नळाच्या पाण्यातसुद्धा. किटलीच्या तळाशी पांढरं बसतं बघा, ते."

बाटलीबाईंच्या हातातला ब्रश थांबला. एकतीस वर्षांत कामाच्या वेळी तो थांबल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"मावशी? काय झालं?"

"काही नाही. तुझा चहा निवतोय."

घरी बाई आणि त्यांची नणंद अशा दोघीच राहत. नवऱ्यामागे बाईंना वारसा म्हणून काय मिळालं, तर नणंद, असं नणंद स्वतःच सांगे. टपालखात्यात पत्रं वर्गवारीला लावण्यात तिचा जन्म गेला होता, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीचा एक योग्य कप्पा असतो असा तिचा ठाम समज होता. अक्षर मात्र सुरेख. खुलासा लिहायला तीच बसली.

"साबण राहिला म्हणतात," बाई म्हणाल्या.

"राहिला होता का?"

"वन्सं!"

"विचारलं हो. अंगावर कशाला येता? बरं, मग काय लिहू? साबण नव्हता, संपलं."

"मग विचारतील, प्रयोग का बिघडला. त्याला नळाचं पाणी सांगावं लागेल." आणि बाईंनी बारा वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट तोंडातून काढली.

नणंदेनं पेन खाली ठेवलं. "बारा वर्षं! आणि मला दुधात पाणी घातलं म्हणून दूधवाल्याशी भांडायला पाठवत होतात?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? पाणी ते पाणी. बरं, नळाचं लिहू नका मग."

"मग साबण खरा ठरतो."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर."

"आणि दोन्हीकडे नळाचंच पाणी," बाई म्हणाल्या. मग दोघी इतक्या हसल्या की शेजारीण दार वाजवून विचारून गेली.

कागदावर त्या दिवशी फक्त 'माननीय महोदय' एवढंच लिहून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी अडगळीतून कॅन काढला, गाळणकागद लावला, नळ सोडला आणि एक बाटली भरून वर पाचवीच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"आजचं द्रावण यात कर."

"यात काय आहे?"

"कर म्हटलं ना. एक नळी यात, एक तुमच्या फीत कापलेल्या पाण्यात. भांडी दोन्हीकडे माझीच घे. कालच धुतलीत."

दुपारी पाचवी खाली धावत आली ती जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या विसरूनच. एका हातात लाल नळी, दुसऱ्या हातात पांढरी. "मावशी, धरलं! भांडी तीच, आणि तुमच्या पाण्यात धरलं! मग अशीच आणखी एक नळी करून तिच्यात ते ओढून घेणारं औषध टाकलं, तर सगळा लाल रंग सुटून खाली आला. म्हणजे कॅल्शियम लागतंच! तुमच्या पाण्यात ते आहे. हे पाणी कुठलं?"

बाईंनी बोट दाखवलं. नळ नेहमीप्रमाणे थेंब-थेंब गळत होता. त्याच्याही दुरुस्तीचा अर्ज दिलेला होता.

पाचवी स्टुलावर बसली. "बारा वर्षं?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "म्हणजे सरांचा शोध..."

"वाहून गेला," बाई म्हणाल्या. "पण साबणानं नाही. ते तू पाहिलंस ना? तेवढं मला पुरे."

सरांना सांगणं भाग होतं. सरांनी आधी नळ्यांकडे पाहिलं, मग पाचवीकडे, मग दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा काही क्षण यंत्राच्या पाण्यासारखा झाला, कसलाच क्षार नसलेला. पण मोठी माणसं लवकर सावरतात, म्हणून तर ती मोठी होतात.

"बसा, बाटलीबाई." एकतीस वर्षांत या खोलीत त्यांना बसायला पहिल्यांदाच सांगितलं जात होतं. "गैरसमज झाला. असं होतं. तो कागद मी मागे घेतो. तुम्ही फक्त समिती येऊन जाईपर्यंत आपला तो जुना कॅन सुरू ठेवा. जुन्या पद्धतीनं. तुमचा हात आहे त्याला."

"आणि साबणाचं, सर?"

"विसरा ते आता."

"मी विसरेन. फाइलीत लिहिलंय त्याचं काय?"

"अहो, फाइल कोण वाचतंय!"

"मग तिच्यात लिहा ना, की काच स्वच्छ होती."

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं कसं लिहिता येईल? काच स्वच्छ होती म्हटलं की मग प्रयोग कशानं बिघडला, हा प्रश्न येतो."

"येऊ दे की. त्याचं उत्तर आहे आपल्याकडे."

"बाटलीबाई, विचार करा. ते उत्तर तुमच्याच अंगाशी येईल. बारा वर्षं तुम्ही आमची फसवणूक केलीत. कोण ठेवील तुम्हाला? माझं ऐकाल तर एक वर्ष आरामात जाईल."

हे मात्र खरं होतं, आणि बाईंना ते कळत होतं. पाचवी चष्म्याची चिकटपट्टी नखानं उकरत होती. बाईंनी आपले हात पाहिले. पाण्यात राहून राहून बोटांची टोकं कायमची सुरकुतलेली.

"नळाचं पाणी ही माझी चूक, सर," त्या शेवटी म्हणाल्या. "ती मी घेते. लिहून देते. साबण माझा नाही, तो मी घेणार नाही. आणि कॅन आता भरणार नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

"तू तरी सांग यांना," सर पाचवीला म्हणाले.

"मी दोन्ही नळ्यांचे फोटो काढलेत, सर," पाचवी म्हणाली. "मावशींच्या खुलाशाला जोडायला."

त्या संध्याकाळी नणंदेनं सव्वा पान लिहिलं. मधेमधे तिनं 'नाइलाजास्तव', 'सद्हेतूने' असे शब्द घालून पाहिले. बाईंनी ते खोडायला लावले. शेवटी खुलाशात एवढंच राहिलं: यंत्र कधी बिघडलं, अर्ज किती वेळा दिले, चांगलं पाणी कशाला वापरलं, नळाचं कशाला, आणि काच स्वच्छ आहे की नाही हे कुणीही येऊन बघावं. सातव्या दिवशी बाईंनी तो आवक खिडकीत दिला, शिक्का मारून घेतला आणि शिक्क्यावरची तारीख वाचता येते की नाही तेही बघितलं.

चौकशीला तिघे जण तळमजल्यावर उतरले. त्यांतल्या एकाला कमानीत डोकं वाकवायचं सुचलं नाही, त्यामुळे चौकशीची सुरुवात बर्फानं झाली. कपाळ दाबून धरून ते गृहस्थ म्हणाले, "दाखवा काय ते."

बाईंनी मांडणीवरची कुठलीही सहा भांडी त्यांनाच निवडायला लावली. एकेक भांडं खिडकीकडे धरून त्यांनी वरून पाणी सोडलं. पाणी काचेवरून पडद्यासारखं उतरलं. सहाही वेळा. मग त्यांनी सातवं भांडं घेतलं, साबणाचं बोट आतून एकदाच फिरवलं, चार वेळा विसळलं आणि पुन्हा पाणी सोडलं. पडदा मधोमध फाटला, थेंब अडून राहिले.

"हे साबण राहिलेलं," बाई म्हणाल्या. "असलं भांडं मी एकतीस वर्षांत वर पाठवलेलं नाही."

कपाळवाल्यांनी सातवं भांडं स्वतःच्या हातानं पुन्हा करून पाहिलं. मग पहिलं. मग पुन्हा सातवं. सभ्य माणूस असावा, कारण नंतर त्यांनी ते भांडं स्वतःच नीट धुवायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या खेपेला बाईंच्या हातात दिलं.

सरांचं काय झालं, याची काळजी करण्याचं कारण नाही. समिती आली तेव्हा सरांनी भाषण केलं: अतिशय चिकाटीच्या संशोधनातून आमच्या असं लक्षात आलं आहे की पाण्यातल्या किंचितशा कॅल्शियमनंही या लेक्टिनची पकड बसते, आणि आजवरच्या निष्कर्षांचा फेरविचार करण्याचं धैर्य आम्ही दाखवलं आहे. धैर्याला मोठ्या टाळ्या पडल्या. पाचवीचं नाव नव्या शोधनिबंधावर दुसरं आलं. पण आलं, आणि तिचा प्रबंधही त्याच वर्षी पुरा झाला. आता तिला काय म्हणायचं हा प्रश्न पडला.

बाईंचा निकाल लिफाफ्यात आला. तो त्यांनी कमानीत उभ्यानं उघडला नाही, घरी नेला, आणि हात कोरडे करून नणंदेच्या पुढे ठेवला.

नणंदेनं भिंग घेतलं. "'चौकशीअंती परिचर यांनी धुतलेली काचेची भांडी पूर्णतः स्वच्छ असल्याचे आढळून आले.'"

"पुन्हा वाचा."

"'पूर्णतः स्वच्छ असल्याचे आढळून आले.'"

"शिक्का आहे?"

"आहे. सहीपण आहे, काळ्या शाईत. पण वहिनी, पुढे 'तथापि' आहे. लांबलचक आहे. नळाचं पाणी, बारा वर्षं, सक्त ताकीद, आणि उरलेल्या काळासाठी बदली भांडारात. खोकी मोजायला." नणंदेनं भिंग खाली ठेवलं. "अन्यायच म्हणायचा. याच्यावर अर्ज करू या. मी लिहिते, तीन प्रती."

"कशाला?" बाई कागदाची घडी घालत म्हणाल्या. "तथापिच्या पुढचं सगळं खरंच आहे. मीच लिहून दिलंय ते."